बिनचमकीची फळी

सुतारकीच्या इतक्या वर्षांत मी सगळ्यांत जास्त भांडण केलं ते भाजी कापायच्या फळीवरून. दिवाण केले, शोकेस केल्या, देव्हारे केले, शाळेची बाकं केली, एका डॉक्टरांच्या दवाखान्यातली औषधांची मांडणी केली. त्या सगळ्यांवरून थोडीफार कुरकुर झालीच. पण बरोबर काम करणारं माणूस उठून जाईल इतकं भांडण लावलं ते हातभर लाकडाच्या फळीनं. ऐकणाऱ्याला हसू येतं. मला अजून येत नाही.

मी यवतमाळची. वडील कलेक्टर कचेरीत होते, आजोबाही सरकारी नोकरीतच. आमच्या घरात हातोडी निघायची ती फक्त गणपतीच्या मखरासाठी, आणि तीही शेजाऱ्यांकडून मागून आणलेली. मी आयटीआयमध्ये शिवणकाम सोडून सुतारकाम घेतलं. का घेतलं याचं शहाणं उत्तर माझ्याकडे नाही. रंध्यातून निघणारी लांब, पातळ सालपटं पाहिली आणि ठरलं. लग्न होऊन दिग्रसला आले. नवरा, विनायक, शाळेत शिक्षक. जिनिंगच्या रस्त्यावर एक टिनाचं शेड भाड्यानं घेतलं आणि दारावर माझ्या नावाची पाटी लावली. बाई सुतारकाम करते हे पाहायला लोक पहिले काही महिने नुसते येऊन उभे राहायचे. उभे राहिले की मी त्यांना फळीचं दुसरं टोक धरायला लावायची.

ती वर्षं कापसाच्या पडत्या काळाची. दिग्रसमध्ये सगळं कापसावर चालतं. कापूस विकला की लग्नं ठरतात, लग्नं ठरली की दिवाण आणि कपाट लागतं. भाव पडले तसे माझ्याकडचे दिवाणही पडले. "ताई, यंदा पोरीले गादीच देतो, दिवाण पुढच्या साली," असं लोक म्हणायचे, आणि पुढचं साल आदल्या सालासारखंच यायचं. मग आमच्या रस्त्यावरची एक जिनिंग बंद पडली. कापसातली सरकी काढणारी यंत्रं, रेचे, थांबले आणि रस्ता इतका शांत झाला की माझ्या करवतीचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला.

मथुरा राठोड त्या जिनिंगमध्ये रेच्यांवर कापूस टाकायची. गावाबाहेरच्या तांड्यातली, माझ्याच वयाची. तिचा नवरा देविदास तिथंच कापसाच्या गाठी उचलायचा. दोघांचं काम एकाच दिवशी गेलं. ती माझ्याकडे पहिल्यांदा आली ती काम मागायला नाही, बातमी सांगायला.

"ताई, जिनिंगच्या तुळया निंगून राह्यल्या. सागाच्या हायत, जुन्या. भंगारवाला जळतनाच्या भावानं नेऊन राह्यला. तुमी पाहून घ्या."

मी तुळया पाहून घेतल्या, आणि मथुरालाही ठेवून घेतलं. आधी ती पॉलिश पेपर मारायची. मग रंधा धरला. वर्षभरात ती माझ्यापेक्षा सरळ कड काढायला लागली. मी हे तिला सांगायची नाही, पण कडा तिच्याकडेच द्यायची.

फळीचं काम आणलं ते यवतमाळच्या वानखडे काकूंनी. काकू कॉलेजच्या पोरांची मेस चालवायच्या. अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून. गुडघे धरल्यामुळं त्यांना विळीवर बसवेना. उभ्यानं ओट्यावर सुरीनं कापायचं तर मोठी फळी हवी, आणि बाजारात मिळायच्या त्या एवढ्याएवढ्याशा. कुणीतरी माझं नाव सांगितलं आणि त्या बस धरून थेट दिग्रसला आल्या.

"मले एका टायमाले टोपलंभर आलू कापा लागते," काकू म्हणाल्या. "फळी अशी दे का पोट्टे पायतच राह्यले पाह्यजे."

तुळयांचे दाराच्या चौकटींसाठी कापून उरलेले तुकडे माझ्याकडे पडले होतेच. त्यांच्या पट्ट्या काढल्या, पट्ट्यांना पट्ट्या जोडल्या, फळी केली. मला वाटलं, यात काय अवघड आहे. महिना उलटायच्या आत काकू परत आल्या. दुकानात एक गिऱ्हाईक बसलेलं असताना त्यांनी पिशवीतून फळीचे दोन भाग काढले आणि माझ्या बाकावर शेजारी शेजारी ठेवले.

"घे. एकाच्या दोन करून देल्ल्या तू. मी एकच मांगतली होती."

गिऱ्हाईक हसलं. मथुरा हसली नाही. तिनं तुटलेली कड बोटानं चाचपली आणि म्हणाली, "ताई, गोंद ओला हाय. आतून भिजून राह्यला."

तिथून आमचा गोंदाचा अभ्यास सुरू झाला. बाहेरच्या माणसाला वाटतं गोंद म्हणजे गोंद. तसं नसतं. कपाटाला आयुष्यात पाणी लागत नाही. फळी रोज धुतली जाते, कधी गरम पाण्यानं, आणि घाई असली की भांड्यांच्या ढिगात भिजत पडते. जुने सुतार सरस वापरायचे. जनावराच्या कातड्या-हाडांपासून करतात, दुहेरी भांड्यात तापवून लावायचा. पकड जबर, पण पाणी लागलं की पुन्हा पातळ. शिवाय ज्यांच्या घरात कांदासुद्धा चालत नाही त्यांच्या ओट्यावर सरसाची फळी ठेवायची, हे काही मला पटेना. नेहमीचा पांढरा गोंद काकूंच्या फळीनं नापास केलाच होता. पाण्यात कालवायचा भुकटीचा गोंद येतो, प्लायवूडवाले वापरतात. तो पाण्याला भीत नाही, पण त्याचा वास डोळ्यांत जातो, आणि जिथं खायचं कापायचं तिथं तो मला नको होता. उरला पांढऱ्यातलाच, पाण्यात टिकणारा. महाग, आणि दिग्रसला मिळेना, यवतमाळहून आणावा लागायचा.

डब्यावर लिहिलेलं मी खरं धरलं नाही. प्रत्येक गोंदानं दोन दोन तुकडे जोडले, वाळवले, पाण्याच्या बादलीत टाकले, बाहेर काढून उन्हात ठेवले, मग उकळत्या पाण्यात घातले. शेवटी मथुरा लाकडी हातोडा घेऊन बसली. जोड उघडला तर गोंद नापास. लाकूड शेजारून फुटलं आणि जोड तसाच राहिला तर पास. शेडच्या दाराशी बसून बाई भुईवर लाकडाचे तुकडे फोडते आहे आणि फुटल्यावर खूश होते आहे, हे पाहून रस्त्यावरचे लोक थांबायचे.

"काय करून राह्यली वो मथुराबाई?"

"परीक्षा घेऊन राह्यली," ती म्हणायची. "तुमी बी बसता काय?"

गोंद चांगला असून भागत नाही हेही तेव्हाच कळलं. सागवान मुळात तेलकट. त्याला रंधा मारून दोन दिवस ठेवलं की अंगातलं तेल वर येतं आणि गोंद धरत नाही. म्हणून रंधा मारला की लगेच जोडायचं. पट्ट्या दाबून धरणारा शिकंजा फार आवळला तर सगळा गोंद पिळून बाहेर येतो आणि जोड उपाशी राहतो. कडेनं बारीक मण्यांसारखा गोंद आला की थांबायचं. आणि जिनिंगच्या ज्या तुळया यंत्रांच्या वर होत्या, त्यांत वर्षानुवर्षं काळं तेल मुरलेलं होतं. त्या लाकडाची फळी आम्ही कधीच केली नाही. बाकड्याचे पाय केले.

मग प्रश्न आला वरून काय लावायचं याचा. लोकांना चमक आवडते. व्हार्निश मारलं की सागाच्या रेघोट्या अशा उठून दिसतात की करणाऱ्यालाच मोह होतो. पण व्हार्निश ही लाकडावर बसलेली एक पातळ साल आहे. दारावर, खुर्चीवर ती ठीक. फळीवर रोज सुरी चालते. साल कापली जाते, खालून पाणी शिरतं, आणि तिचे बारीक कपचे निघून काकडीला चिकटतात. ते कुणाला दिसत नाहीत. पोटात जातात. चपडीचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश गरम भांडं ठेवलं की पांढरं पडतं. तेव्हा तेल. दिग्रसमध्ये सरकीच्या तेलाला तोटा नव्हता, म्हणून आधी तेच लावलं. आठ-पंधरा दिवसांत फळीला हात लावला की बोटं चिकटायची, आणि वास असा की मथुरा म्हणाली, "जिनिंगची आठवन येते, पन चांगली नाई." औषधाच्या दुकानातलं पांढरं पातळ तेलही आणून पाहिलं. पोट साफ व्हायला देतात ते. दुकानदारानं मोठी बाटली देताना माझ्याकडे काळजीनं पाहिलं. फळीसाठी ते वाईट नाही, पण सुकत नाही, सारखं लावत बसावं लागतं.

शेवटी जवसावर आलो. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो तेच जवस. त्याचं घाण्याचं कच्चं तेल. हार्डवेअरच्या दुकानात जवसाचंच उकळलेलं म्हणून मिळतं ते नाही, त्यात लवकर सुकायची औषधं असतात. कच्चं तेल पातळ हातानं लावायचं, मुरू द्यायचं, पुसून उन्हात ठेवायचं, आणि पुन्हा. ते लाकडाच्या आत जाऊन सुकतं. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवायच्या नाहीत. उन्हाळ्यात एकदा कोपऱ्यातला चिंध्यांचा ढीग आपोआप धुमसायला लागला आणि आम्ही दोघींनी बादल्या ओतून शेड वाचवलं. तेलावरून शेवटचा हात मेणाचा. बाजाराच्या दिवशी मध विकायला येणाऱ्या एका कोलाम बाईकडून मेण घ्यायचो. अशी फळी चमकत नाही. मऊ दिसते. हात फिरवला तर हात काढावासा वाटत नाही.

काकूंना दुसरी फळी दिली. त्या आता बोलायला आल्या नाहीत, हीच पावती. उलट त्यांची फळी पाहून यवतमाळच्या चार घरांनी मागवल्या, त्या घरांच्या ओळखीतून आणखी. पोट भरेल इतकं ते काम नव्हतं, पण शेडचं दार उघडं राहील इतकं होतं.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी नागपूरचे एक व्यापारी गाडीतून आले. स्वयंपाकघराच्या वस्तूंचं त्यांचं मोठं काम होतं. माणूस सभ्य. त्यांनी खाली बसून चहा घेतला, फळ्या उलटसुलट पाहिल्या, जोडावरून नख फिरवलं.

"माल अच्छा आहे मॅडम," ते म्हणाले. "मी पूर्ण सीझन तुमच्याकडून घेतो. फक्त दोन गोष्टी. वरून व्हार्निश पाहिजे. डिब्बा उघडला की चमकलं पाहिजे. आणि गोंद साधा वापरा, रेट खाली येतो. एवढं पाणी कोण लावतं?"

"भाजी कापली की फळी धुतातच," मी म्हटलं. "आणि व्हार्निश सुरीखाली निघतं. खाण्यात जातं."

"सगळे हेच विकतात. कुणी मेलं का?"

"सगळे विकत असतील. मी करणार नाही."

मथुरा रंधा थांबवून उभी होती. ती पुढं आली. "ताई, घ्या ना. पुरा हिवाळा काम भेटन. ते म्हनतेत तसं करून देऊ. ज्याले पाह्यजे त्याले आपली तेलाची देऊ."

"मथुरा, नाही," मी म्हटलं.

व्यापाऱ्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "विचार करा," म्हणाले. गाडी गेली.

मग मथुरा बोलली, आवाज न चढवता. "तुमचं नाई म्हननं सोपं हाय ताई. तुमच्या घरी मास्तरांचा पगार येते. माह्या घरी देविदास सकाळपासून खाटेवर बसून राह्यते. माह्यासाठी ते व्हार्निश नव्हतं, चार महिन्याची भाकर होती."

"त्याचे कपचे लोकांच्या पोटात जातील."

"जातीन. आन् माह्या लेकरायच्या पोटात काय जाईन, हे बी सांगा."

तरीही मी हो म्हटलं नाही. त्या दिवशी माझ्यात जो हट्ट उभा राहिला त्याला आजही मी चूक म्हणणार नाही. घरचे कचेरीत बसा म्हणत होते तेव्हा तोच हट्ट उपयोगी पडला होता, बाईला हे जमत नाही म्हणणाऱ्यांपुढंही तोच. वाईट वस्तू करायचीच तर मी सुतार व्हायचं कारणच काय होतं? पण मथुरा म्हणाली तेही तितकंच खरं होतं, आणि ते खरं असण्याची किंमत ती देणार होती, मी नाही.

आठवड्याभरात मथुरा आणि देविदास ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले. लेकरं सासूकडे तांड्यात ठेवली. जाताना ती शेडवर आली, तिचा रंधा स्वच्छ पुसून जागेवर ठेवला.

"रागानं चालली काय?" मी विचारलं.

"राग कायचा. पोट हाय म्हून चालली." दारातून ती वळली. "आता नाई म्हटलंच हाय, तर या फळ्या इकून दाखवा. घरात रचून नका ठेवू."

शेडमध्ये आम्ही केलेल्या फळ्यांची थप्पी होती. बहुतेकांच्या कडा तिच्या हातच्या. मी थप्पीकडे पाहत काही दिवस काढले. विनायक म्हणाला, "दुकानात ठेवायला दे." दुकानदार म्हणाले, चमक नाही, कोण घेणार. मग माघात कळंबला चिंतामणीची जत्रा आली. मी ठरवलं, तिथं जाऊन भुईवर बसायचं आणि विकायच्या.

हे लिहायला सोपं आहे. कळंब म्हणजे यवतमाळहून तासाभराचाही रस्ता नाही. आमच्या गल्लीतलं, वडिलांच्या कचेरीतलं, आईच्या भजनी मंडळातलं, प्रत्येक माणूस त्या जत्रेला येणार हे मला ठाऊक होतं. माहेरी मुक्काम केला आणि आईला सांगितलं. वडील पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. सकाळी फळ्यांची पोती एसटीच्या टपावर चढवून मी निघाले. यवतमाळच्या स्टँडवर वानखडे काकू भेटल्या. त्यांना मी फक्त कळवलं होतं, बोलावलं नव्हतं. त्यांच्या काखेत त्यांची वापरलेली फळी होती, हळदीनं पिवळी पडलेली, आणि हातात कांद्यांची पिशवी.

"तुले बोलता येते, इकता येत नाई," काकू म्हणाल्या. "सरक तिकडे, मले बसू दे."

देवळाकडे जायच्या रस्त्यावर बांगड्यांच्या आणि पेढ्यांच्या दुकानांच्या मधे आम्ही पोतं अंथरलं. सकाळभर लोक फळी उचलायचे, उन्हात धरायचे आणि विचारायचे, "चमक काहून नाई?" मी गोंद समजावून सांगायची, तेल समजावून सांगायची, आणि माझं होईपर्यंत ते पेढ्यांच्या दुकानात पोचलेले असायचे. काकूंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "तुह्याजवळ ते चमकीवाली हाय काय?"

होती. चाचणीसाठी केलेली व्हार्निशची एक फळी मी बरोबर आणली होती. काकूंनी ती आणि स्वतःची जुनी फळी शेजारी शेजारी मांडली. खाली पोत्यावर बसणं त्यांना जमेना, म्हणून पेढेवाल्याचं स्टूल ओढून घेतलं, पुढं एक खोकं ठेवलं आणि चमकत्या फळीवर कांदा कापायला सुरुवात केली. मेसच्या हाताची सुरी ती. पाच-सात कांदे झाले की त्यांनी फळी तिरपी धरली. ऊन पडलं तशा पांढऱ्या चिरा दिसल्या. काकूंनी नखानं खरवडलं आणि नखावर आलेला कपचा समोरच्या बाईपुढं धरला.

"खातं काय? घे ना. फुकटात हाय."

ती बाई मागं सरकली. मग काकूंनी स्वतःची फळी पुढं केली. "हे माह्या मेसमधली. रोजची धुणी, रोजचा मार. हे पाय जोड. नख घालून पाय." लोक खरोखर नख घालून पाहायला लागले. एकानं घातलं की मागच्याला घालायचं असायचं. दुपार व्हायच्या आत आमच्याभोवती इतकी गर्दी झाली की बांगडीवाला कुरकुरला. फळ्या जायला लागल्या.

त्याच गर्दीत वडील दिसले. बरोबर त्यांच्या कचेरीतले जुने सोबती, देशमुख काका. दर्शनाला निघाले होते. मी पोत्यावर बसलेली, हाताला मेण, पदर खोचलेला. देशमुख काका थबकले.

"ही आपली साधना ना? इथं कशी?"

वडिलांनी माझं सुतारकाम कधी तोंडानं मान्य केलं नव्हतं. ओळखीत ते सांगायचे की जावयाचं दिग्रसला फर्निचरचं दुकान आहे. मी मान खाली घातली नाही. घालायची नाही हे सकाळीच ठरवलं होतं. वडील वाकले, त्यांनी एक फळी उचलली आणि जोडावरून अंगठा फिरवला.

"यावर पाणी पडलं तर?" त्यांनी विचारलं, एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकासारखं.

"काही होत नाही. धुऊन उभी ठेवायची. आडवी ठेवली तर खालून ओल धरते."

"आणि तेल किती दिवसांनी?"

"कोरडी दिसली की जवसाचं बोट फिरवायचं."

वडिलांनी फळी देशमुख काकांच्या हातात दिली. "घ्या. माझ्या मुलीनं केली आहे. ती सुतार आहे."

एवढंच. मग त्यांनी मला जेवून यायला सांगितलं. मी भाकरी खाऊन परत आले तेव्हा वडील काकूंच्या शेजारी उभे राहून गिऱ्हाइकांना सूचना देत होते, आयुष्यभर टिपणं लिहिलेल्या माणसाच्या भाषेत. "सदर फळी साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नये. उन्हात तापू देऊ नये." काकू म्हणाल्या, "साहेब, हे तुमी असं बोलता का त्याले वाटते जप्तीच आली." वडील हसले. मी त्यांना माझ्या कामाजवळ हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

जत्रेतून खरं काम आलं ते वर्ध्याकडच्या एका आचाऱ्यामुळं. लग्नांचे स्वयंपाक करणारा माणूस. त्यानं काकूंची फळी उचलून वजन पाहिलं, ठोकून पाहिली, आणि तशाच, पण आणखी मोठ्या मागितल्या. त्याच्याकडून दुसऱ्या आचाऱ्याला कळलं. दिग्रसला परत आले तोवर दोन माणसांना पुरेल इतकं काम हातात होतं आणि माणूस एकच होतं. मी एकटीनं सुरुवात केली. लांब फळीला दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. तांड्यात जाऊन मथुराच्या सासूला विचारलं. म्हातारी म्हणाली, "होळीले येते. होळीले तांड्यात नाई आला असा कोनी नाई."

होळीच्या दिवशी संध्याकाळी मी आणि विनायक तांड्यात गेलो. बाया रंगीत ओढण्या घालून गोल धरून नाचत होत्या, पुरुष डफ वाजवत होते. मथुरा नाचत नव्हती. ओट्यावर बसली होती, वाळून काडी झालेली. उसाच्या पात्यांनी तिच्या तळव्यांवर आणि मनगटांवर बारीक काळ्या रेघा पडल्या होत्या. मी शेजारी बसले.

"इकल्या काय फळ्या?" तिनं विचारलं.

"विकल्या. सगळ्या."

"बिनचमकीच्या?"

"बिनचमकीच्या. आणखी काम आलंय. आचाऱ्यांचं. एकटीनं होत नाही."

ती नाचणाऱ्या बायांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "येईन. पन माह्यं एक ऐका लागन. आता जे ठरवाचं ते दोघींनी ठरवाचं. नाई म्हनाचं असन तरी दोघींनी. तुमी एकटीनं नाई म्हनसान आन् म्या ऊस तोडाले जाईन, असं पुन्हा होनार नाई."

"नाही होणार."

"आन् म्या एखाद्या टायमाले हो म्हटलं तर?"

"तर भांडेन," मी म्हटलं.

ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. "भांडा. पन भांडून झाल्यावर ऐकाचं बी."

विनायकनं मान हलवली, जणू करारावर साक्षीदाराची सही करत होता. आतून सासूनं आम्हाला पुरणाची ताटं आणून दिली.

रंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर पोचले तर मथुरा दाराशी उभी होती. केसांत गुलाल तसाच. आत आल्यावर तिनं आधी रंधा घेतला नाही. मी एकटीनं जोडून ठेवलेल्या आचाऱ्याच्या मोठ्या फळ्यांपाशी गेली आणि एकेकीवर बोटाच्या पेरानं टकटक करत कान लावू लागली. तिसरीपाशी थांबली. पुन्हा ठोकलं.

"हे जोड खराब हाय. मधात पोकळ वाजून राह्यली."

मीही कान लावला. मला काही पोकळ ऐकू आलं नाही. ती फळी जोडायला मला पुरा दिवस लागला होता, आणि आचाऱ्याला उद्या माल द्यायचा होता.

"चांगली आहे," मी म्हटलं. "एवढी चालते. देऊन टाकू."

"नाई," मथुरा म्हणाली, आणि मला लाकडी हातोडा दिला.

मी एक घाव घातला. जोड मधोमध उघडला.